आबाजींची व्ही-एट आणि मानमोडीचं साल

आमच्या यांच्या मोटारीत दाढी करून बसावं, तर उतरेपर्यंत ती पुन्हा वाढलेली असायची, असं शिळफाट्याचे लोक म्हणत. म्हणू देत! हसायला काय लागतं? पुढे बैलगाडी असली की हे तिच्या मागून जाणार. हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. शेवटी गाडीवानालाच लाज वाटायची आणि तो बाजू द्यायचा. मागे बसलेले उतारू दात-ओठ खायचे. "अरे बाबा, कर्जतची गाडी चुकंल आमची!" "फुडची मिळंल," हे म्हणायचे आणि आणखी हळू करायचे.

मीही हसले असते त्या लोकांबरोबर. पण मी यांना बाविशीत बघितलंय. त्या वेळी हे काय चीज होते, ते सांगायला आता फाट्यावर कुणी उरलं नाही. म्हणून मी सांगते.

नाव मात्र घेणार नाही. नातसुना खोदून खोदून विचारतात, "घ्या की आजी, आता कोण ऐकतंय?" जिभेला वळण आहे ते आहे, त्यांचं काय जातंय? या गोष्टीत माझी सासू त्यांचं नाव घेईल, तेव्हा ऐकून घ्या.

माझं माहेर शिळफाट्याचं. माझे बाबा कोंडाजी, फाट्यावर त्यांचं चहा-भज्यांचं दुकान. बाहेर दोन बाकडी, आत चूल, आणि चुलीपाशी मी आणि माझी आई. दुसरी मोठी लढाई चालली होती ते दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाची उभी भट्टी बसवलेली असायची. कोळसा पेटवायचा, त्याच्या गॅसवर मोटार चालायची. चालायची म्हणजे चालायचीच, पळायची नाही. दहिवलीच्या आबाजींची कर्जत ते खालापूर अशी सर्व्हिस मोटार होती, तीही तसलीच. लोक तिला शेगडी म्हणत. शेगडी फाट्यावर आली की उतारू आमच्याकडे चहाला बसत आणि ड्रायव्हर मागे जाऊन सळईनं राख खरवडत बसे. तो राखेत माखलेला माणूस म्हणजे आमचे हे.

कपाळ काळं, हात काळे, डोळे तेवढे लख्ख. येऊन म्हणायचे, "ए पोरी, पानी दे गं."

मी म्हणायचे, "पोरी कुनाला म्हनतो रं? हात धू आदी, तांब्या काळा करशील."

एवढंच आमचं बोलणं, सांगण्यासारखं काही नाही. पण शेगडी यायची वेळ झाली की मी तांब्या चिंचेनं घासून ठेवायची, आणि आई म्हणायची, "आज तांब्याला लई भाव आलाय!"

हे मूळचे कडावचे, भातशेती करणाऱ्या घरातले. वडील लवकर गेले, घरात आई एकटी. मोटार शिकले ते कल्याणच्या लष्करी छावणीत, एका ठेकेदाराच्या लॉऱ्यांवर. तिथे यांनी खऱ्या इंजिनाचा जोर बघितला होता, आणि नशिबी आली शेगडी. पळसदरीच्या चढाला ती धापा टाकायला लागली की हे चाकावर मूठ आपटायचे. कडावहून दुधाच्या किटल्या कर्जत स्टेशनला न्यायच्या, तर दूध वाटेत नासायचं आणि गवळी यांनाच शिव्या घालायचे. "येक डाव मला खरी मोटार द्या," हे सगळ्यांना सांगायचे. "धार काढलेली कोमट हाय तवर कर्जत गाठतो का नाय बघा."

लढाई संपली. पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी कडावला माणूस पाठवला आणि आमची सुपारी फुटली. लग्न माघात धरलं. मला सतरावं चालू होतं. दसऱ्याच्या सुमाराला आबाजींनी कल्याणच्या लष्करी लिलावातून एक फोर्ड आणली, व्ही-एट. रंग मिलिटरीचा हिरवा, मागे बाकं ठोकून घेतलेली. आबाजींनी यांना सांगितलं, "तूच आन ती, आन तूच चालव."

ती फाट्यावर पहिल्यांदा आली तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आधी धुरळा आला, मग मोटार आली, आणि आली तशी दुकानापुढून पार निघून गेली. थांबायचं ठिकाण मागे राहिलं! मग घर्र घर्र करत उलटी आली. हे खाली उतरले. अंगावर पांढरा सदरा, कपाळ स्वच्छ, राखेचा ठिपका नाही. मी ओळखलंच नाही आधी. "बगितलंस?" मला म्हणाले. मी म्हटलं, "काय बगायचं? दिसली कुठं?" हे असे हसले की बाकड्यावरची माणसंसुद्धा हसायला लागली. तसं हसताना मी यांना पुन्हा फार थोड्या वेळा बघितलं.

आणि तिथेच विमा आडवा आला.

त्याच पावसाळ्यात सरकारचा हुकूम लागू झाला होता की विम्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस आबाजींच्या ओसरीवर येऊन बसला. डोक्यावर साहेबी टोपी, पण माणूस चांगला होता, बोलायला मऊ. म्हणाला, लढाई सुटल्यापासून पोरं लष्करी मोटारी घेऊन उधळली आहेत, रोज कुठेतरी कुणी झाडावर जातोय, कुणी ओढ्यात. म्हणून कंपनीनं हप्ते वाढवले. मोटार जोराची असली तर जास्त, चालवणारा पंचविशीच्या आतला असला तर आणखी जास्त. आणि दोन्ही असलं तर जवळजवळ दुप्पट. पुढच्या साली याहून वाढेल म्हणाला.

आबाजी उसळलेच. "येवडा हप्ता भरायचा तर तुमीच चालवा मोटार! मी मागं बसतो!" मग यांच्याकडे वळून म्हणाले, "तुजं वय काय रं? नायतर नागूला बसवतो चाकावर. तू आपला शेगडीवर जा."

नागू म्हणजे आबाजींचा जुना ड्रायव्हर, मिश्या पिकलेला. त्याला व्ही-एटची इतकी धास्ती की तिच्यापुढून जाताना वाकून जायचा. यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या वर्षांनी हातात आलेली मोटार, आणि ती नागूला!

"वय काय म्हाईत," हे म्हणाले. "आईला म्हाईत."

खरंच ठाऊक नव्हतं हो. जन्मतारीख कुणाला माहीत असायची तेव्हा? अमक्या सालच्या पुरात, तमक्या सालच्या आगीत, असंच माणसाचं वय सांगायचं. विमेवाला म्हणाला, "आई सांगेल ते मी लिहीन. गावातल्या चार माणसांनी मान डोलावली की झालं."

म्हणून सगळे कडावला गेले. मी तिथे नव्हते, मला हे सासूच्या शेजारणीनं, अंबूबाईनं सांगितलं. माझ्या सासूचं नाव सोनाबाई. अंगानं काटकुळी, आवाज मात्र शेताच्या पार पलीकडे पोचायचा. ती अंगणात भात वाळत घालत होती. विमेवाल्यानं विचारलं, "आई, तुमचा मुलगा कुठल्या साली झाला?"

सासूनं पायानं भात पसरता पसरता सांगितलं, "मानमोडीच्या साली. भात खळ्यात पडला व्हता आन झोडाया घरात धडकं मानूस नव्हतं."

मानमोडी म्हणजे पहिल्या मोठ्या लढाईच्या शेवटी आलेली तापाची साथ. घरंच्या घरं बसली होती त्या वर्षी. विमेवाल्यानं बोटांवर मोजलं. "म्हणजे अठ्ठावीस. छान!" चार माणसं अंगणात उभी होती. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि चौघांनी मान डोलावली.

आता नीट ऐका, कारण पुढे लोकांनी माझ्या सासूला लबाड म्हटलं, आणि मला ते अजून सहन होत नाही. ती खोटं बोलली नव्हती. मानमोडीच्या साली तिला मुलगा झाला होता, पहिला. तो पाच वर्षांचा होऊन तापानं गेला. पुरायला नेण्याआधी तिच्या सासूनं त्याच्या टाचेला काजळ लावलं होतं, आमच्याकडे लावतात तसं, पुन्हा आलाच तर ओळखू यावा म्हणून. वर्षाच्या आत आमच्या यांचा जन्म झाला, आणि टाचेवर काळा डाग! तो डाग शेवटपर्यंत होता. मी पाय चेपताना बघायची. सासू म्हणाली, "आला." पहिल्याचंच नाव यांना ठेवलं. पहिला गेला हे ती कधी म्हणाली नाही. "मदी गेला व्हता, आला परत," एवढंच. तिच्या हिशेबी मुलगा एकच होता, आणि तो मानमोडीच्या सालचा होता. गावानंही तिला कधी टोकलं नाही. कोण टोकणार? कुणाची जीभ उचलेल?

म्हणून तर तिला यांच्या वेगाची भीती नव्हती. बायका सांगायच्या, "सोनाबाई, पोरगा लई जोरात हाकतो गं, सांग त्याला." ती म्हणायची, "माजा पोर जाऊन आलेला हाय. त्याला काय व्हतंय?"

तर व्ही-एटचं चाक यांना मिळालं. मग काय विचारता! सकाळी कडावचं दूध, मग कर्जत, मग आमचा फाटा, मग खालापूर. गवळी यांना डोक्यावर घेऊन नाचायचे बाकी होते. फाट्यावर येताना लांबूनच हॉर्न द्यायचे, तीन वेळा, तो माझ्यासाठी. आई म्हणायची, "बहिरी झाली नाय अजून माजी पोर." ते थोडे दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. अजून कुठे हॉर्न वाजला की हात तांब्याकडे जातो.

आणि एके दिवशी तोच विमेवाला आमच्या दुकानात चहाला टेकला. भला माणूस, बोलता बोलता म्हणाला, "आबाजींनी बरं केलं. ड्रायव्हर चांगला पोक्त आहे. अठ्ठावीस पूर्ण."

बाबांच्या हातातली किटली तिथेच थांबली. अठ्ठावीस? आमच्यात पोराचं विशीबाविशीत लग्न होतं. अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट, कमावता पोर बिनलग्नाचा कसा राहील? "पयली बायको असनार कुठंतरी," बाबा म्हणाले. "टाकलेली, नायतर मेलेली. आन आपल्याला सांगितलं नाय. माजी पोर दुसरेपणावर द्यायची?" घरात जाळ झाला. आई रडायला लागली. मी रडले नाही. माझ्या अंगाचा भडका उडाला होता.

दुसऱ्या दिवशी तीन हॉर्न वाजले. हे उतरून आले, हात पुढे केला. मी तांब्या त्यांच्या पायापाशी आपटला.

"पयली कुठं ठिवलीस रं?"

"कोन पयली?"

"तुजी बायको! अठ्ठावीसचा घोडा झालास, तवर काय भजनं करत व्हतास?"

बाबा बाहेर आले. दुकान भरलेलं होतं. बाबा म्हणाले, "हितं चार मानसं हायेत. त्यांच्यापुढं सांग. तुजं खरं वय काय?"

यांना तेव्हा कळलं काय झालं ते. एका वाक्याचं काम होतं. मोठा भाऊ गेला, मी दुसरा, मी बावीसचा. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग म्हणाले, "आई सांगते तेच," आणि जाऊन मोटारीत बसले. मी मागून नाही नाही ते बोलले. बाबांनी संध्याकाळी सुपारी परत पाठवली.

का बोलले नाहीत, हे मी लग्नानंतर विचारलं होतं. म्हणाले, "आईच्या दारात इतक्या वरसांनी मढं कसं आनून ठिवू?" मग जरा थांबून हसले, "आन मोटारबी पायजे व्हती." मी उशी फेकून मारली. पण खरं बोलले, म्हणून बरं वाटलं.

सुपारी परत आली तेव्हा सासूनं ती हातात घेतली आणि विचारलं, का म्हणून? कुणी सांगेना. शेवटी अंबूबाईनं सांगितलं. "सोनाबाई, तू मानमोडीचं साल सांगितलंस ना, म्हनून पोरगा थोराड ठरला. पोरीच्या बापाला वाटतंय पयली बायको हाय." अंबूबाई सांगायची, हे ऐकून सासू उठली. गोठ्यात जाऊन बसली. म्हशीनं हंबरून अंगण डोक्यावर घेतलं तरी धार काढायला उठली नाही. सकाळी उठून मुलाला म्हणाली, "मला शिळफाट्याला ने."

त्या दिवशी हॉर्न वाजला नाही. व्ही-एट नेहमीच्याच वेगानं आली आणि दुकानापुढे उभी राहिली. सासू उतरली. वाऱ्यानं पदर पडलेला, केस सुटलेले. बाजारचा दिवस, बाकड्यांवर बसायला जागा नाही. बाबा कढईत भजी सोडत होते. ती सरळ कढईपाशी आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"दादा," ती म्हणाली, "मला दोन पोरं झाली. पयला सहदेव मानमोडीच्या साली झाला. त्यो..."

तिथे अडली. हे मोटारीपाशी उभे होते, ते धावत आले. "आई, ऱ्हाऊ दे. चल घरी. मला नाय करायचं लगीन, चल तू."

तिनं त्यांना हातानं मागे सारलं. "त्यो गेला. माजा पयला सहदेव गेला. माज्या मांडीवर गेला. ह्यो दुसरा. ह्याला बावीस झाली. बायको-बियको काय नाय त्याला. पोरीला दुसरेपन नाय दादा, येवडं सांगाया आली."

आणि ती खाली मातीत बसली आणि रडली. कसं सांगू ते रडणं! आताच, या घडीला पोर गेलं असावं तशी. माझ्या आईनं तिला पोटाशी धरलं. मी पाणी घेऊन गेले. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. "वहिनी, मला म्हाईत असतं तर म्या तोंडबी उघडलं नसतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कढईत भजी कोळसा झाली तरी कुणाला भान नव्हतं.

निवल्यावर आईनं तिला चहा पाजला, केस विंचरले. बाबांनी सगळ्यांदेखत सुपारी पुन्हा घेतली. मग यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इमेवाल्याला ह्यातलं काय बी कळायचं नाय. काय रं गड्यांनो?" दुकानातले सगळे एका आवाजात म्हणाले, "नाय कळायचं!" यांचा चेहरा उजळला. मोटारही राहणार होती आणि बायकोही मिळणार होती.

सासू पुढच्या सीटवर बसली. यांनी मोटार चालू केली आणि नेहमीसारखं इंजिन गरजलं. सासूनं यांचा दंड धरला, दोन्ही हातांनी. मी खिडकीपाशीच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"सहदेवा, हळू हाक रं. मला तू येकलाच हायेस."

हे तिच्याकडे बघतच राहिले. मग मोटार निघाली ती इतकी हळू, की फाट्यावर धुरळा उडाला नाही. बाजारातून परतणारी म्हातारी माणसं तिच्या पुढे चालत गेली. मी वळणापर्यंत बघत उभी राहिले, आणि वळण यायला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी यांनी आबाजींना खरं वय सांगितलं आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. आबाजींनी कपाळाला हात लावला. "अरं येड्या, कुनी इचारलं व्हतं का?" व्ही-एट नागूकडे गेली. पुढच्या साली हप्ता आणखी वाढला, तेव्हा आबाजींनी ती विकूनच टाकली. हे शेगडीवर परत गेले, कपाळाला पुन्हा राख. माघात आमचं लग्न झालं आणि वरात शेगडीतून कडावला गेली. सासू मधे बसली होती, एक हात माझ्या मांडीवर आणि एक यांच्या दंडावर.

पुढे बऱ्याच मोटारी आल्या, लॉऱ्या आल्या, चांगल्या जोराच्या. हे सगळ्या तशाच चालवायचे. सासू जाऊन वर्ष झालं तेव्हा आम्ही दोघंच खालापूरहून येत होतो. रस्ता मोकळा, नवा डांबरी. मला एकदम ते हिरव्या मोटारीतले हे आठवले, आणि त्यांच्यासाठी माझाच जीव कळवळला. म्हटलं, "आता कोन बगतंय? आई नाय. दाबा की जरा, येक डाव."

यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला किती हायेत माज्यासारखे?" म्हणाले.

मी पदर नीट केला. पुढे एक बैलगाडी चालली होती, आम्ही तिच्या मागून घरी आलो.